छत्तिसाव्या दिवशी काय?

आमच्या गावच्या १ मेच्या ग्रामसभेत यंदा पाण्याचा विषय मागे पडला आणि दोन तास नशेवर वाद झाला. निमित्त होतं बारावीतल्या एका पोराच्या दप्तरात सापडलेल्या गोळ्यांचं. एका गटाचं म्हणणं, नशा करणाऱ्यांची नावं ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, त्यांना दाखले देऊ नका, एकाची गाढवावरून धिंड काढली की बाकीचे सुतासारखे सरळ येतील. दुसऱ्या गटाचं म्हणणं, हे पोलिसांचं आणि सरकारचं काम आहे, जिल्ह्याला शंभर खाटांचं व्यसनमुक्ती रुग्णालय मागा आणि ठराव करून मोकळे व्हा. टाळ्या दोघांनाही पडल्या. त्या पोराची आई मंदिराच्या खांबाला टेकून शेवटपर्यंत उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

राग मला कळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुपवाडला मेफेड्रोनचा, म्हणजे पोरं ज्याला नुसतं 'एमडी' म्हणतात त्याचा, मोठा साठा पुणे पोलिसांनी पकडला. पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत ते बनवण्याचा कारखाना निघाला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत आणखी एक. हळद, बेदाणा आणि नाटक यांच्यासाठी ज्या सांगली जिल्ह्याचं नाव घेतलं जायचं, ते आता अशा बातम्यांत वाचावं लागतं. पण या सगळ्या वादात ज्याला नशा सोडायची आहे, त्या माणसाचा विचार कुठे आहे? धिंडवाल्यांना तो गुन्हेगार वाटतो, रुग्णालयवाल्यांना खाटेवरचा पेशंट. खाटेवरून उठून तो पुन्हा याच गावात, याच पारावर, त्याच मित्रांत येणार आहे, हे दोघंही विसरतात. माझं मत स्पष्ट आहे: व्यसन सुटायला सुरुवात केंद्रात होते, पण ते सुटलेलं टिकतं ते गावात. हे टिकवायचं काम आज आपल्याकडे जवळपास एकट्या लोकसंस्था आणि स्वमदत गट करत आहेत. जिल्ह्याचा पैसा, जागा आणि वेळ आधी त्यांच्यामागे उभा राहिला पाहिजे.

हे मी पुस्तकं वाचून लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ दारूत गेला होता. दारू आणि एमडी एक नव्हेत हे मान्य, पण परतल्यानंतरची वाट दोन्हीकडे सारखीच आहे. आमच्याकडे त्याला तासगाव तालुक्याचा एक पदरही आहे. बेदाण्याचा सौदा झाला की हातात पैसा येतो आणि पैसा आला की पार्टी ठरलेली. पस्तीस दिवसांचे उपचार घेऊन तो मार्चमध्ये घरी आला, तेव्हा शेडमध्ये बेदाणा वाळत होता. पहिले दहा दिवस तो सकाळी सहाला उठून शेडवर जायचा. आई कौतुकाने त्याच्या डब्यात दोन भाकऱ्या जास्त घालायची. अडचण सकाळची नव्हतीच. ती सुरू व्हायची संध्याकाळी सहाला. सहा ते आठ या दोन तासांत काय करायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आम्हालाही नाही. तो अंगणात खुर्ची टाकून बसायचा, मोबाईल खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा, फाटकापर्यंत जाऊन परत यायचा. अकराव्या दिवशी सौद्याचे पैसे आणायला तासगावला गेला आणि रात्री दीडला दोघांनी धरून घरी आणला. आम्ही काय केलं? आम्ही त्याला शिव्या दिल्या. वडील म्हणाले, "पस्तीस दिवसांचे पैसे पाण्यात गेले." त्या रात्री घरातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की हे असं घडतं, बहुतेकांचं घडतं, आणि यानंतर करायचं काय असतं.

खाटेइतकाच नंतरचा पाठपुरावा महत्त्वाचा, याचं एक उदाहरण आमच्या या भागाच्या इतिहासाशी जोडलेलं आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. सांगली आणि मिरज यांच्या मध्ये वानलेसवाडी आहे. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचे डॉ. वॉनलेस यांचं नाव तिला मिळालं ते क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममुळे. तेव्हा क्षय म्हणजे घरातून उचलून लांब नेऊन ठेवायचा आजार होता. मोकळी हवा, दूध, अंडी, सक्तीची विश्रांती, महिनोन् महिने. मग औषधं आली आणि १९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. क्षयरोग्यांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियममध्ये उत्तम आहार आणि आराम देऊन वर्षभर औषधं दिली, दुसऱ्याला तीच औषधं त्यांच्या दाटीवाटीच्या, अर्धपोटी वस्तीत घरीच दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा जगातले डॉक्टर चकित झाले. घरी राहिलेले रोगी जवळपास तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्यामुळे घरातल्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. फरक पडत होता तो औषध शेवटपर्यंत नेमाने घेतलं जातं की नाही याने, आणि त्यासाठी कोणीतरी पाठपुरावा करतं की नाही याने. क्षयावरची पुढची सारी धोरणं या निष्कर्षावर उभी राहिली.

व्यसन म्हणजे जंतू नव्हे, ही तुलना टोकापर्यंत ताणता येणार नाही. दारूचा माणूस अचानक थांबला तर काहींना झटके येतात, भ्रम होतो, वेळीच उपचार नाही मिळाले तर जीवही जातो. तेव्हा डॉक्टर, औषध, खाट यांना पर्याय नाही आणि जो सांगेल की नुसत्या इच्छाशक्तीवर सोडा, तो माणसाला मारायला निघाला आहे. पण खाटेची मुदत संपते. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं नाव निघालं की जे आठवतं ते पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं. डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत त्यामागे होती. तिथले उपचार पस्तीस दिवसांचे. पण मुक्तांगणला मी मानतो ते त्या पस्तीस दिवसांसाठी नाही. त्यांनी 'पाठपुरावा' हा शब्द गावोगाव नेला, व्यसनींच्या बायकांचे 'सहचरी' गट उभे केले, बरे झालेलेच कार्यकर्ते केले. छत्तिसाव्या दिवसाची सोय करावी लागते, हे त्यांना आधी कळलं. आपल्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने 'परिवर्तन' ही व्यसनमुक्ती संस्था उभी राहिली. अंधश्रद्धेशी लढणाऱ्या माणसाला व्यसनमुक्तीचं काम आपलं वाटलं, यात नवल नाही. आजही दारू सोडवणाऱ्या पुड्या 'न कळत जेवणातून द्या' म्हणून विकल्या जातातच ना? दारूशी न जमणारं औषध असं चोरून दिलं आणि माणूस वर प्यायला, तर त्याच्या जिवाशी खेळ होतो.

आता विरोधातले मुद्दे बघू, कारण ते हलके नाहीत.

पहिला सर्वांत जड. 'संस्था' या नावाखाली काय काय चालतं हे लोकांनी पाहिलं आहे. मीही पाहिलं आहे. भावाला आम्ही पहिल्यांदा ज्या केंद्रात ठेवलं (जिल्ह्याबाहेरचं होतं, नाव घेत नाही) तिथले लोक रात्री गाडी घेऊन आले आणि त्याला अक्षरशः उचलून घेऊन गेले. वीस दिवस भेट नाही, फोन नाही. भेटू दिलं तेव्हा त्याने शर्टाच्या बाह्या खाली ओढून घेतल्या होत्या. उन्हाळ्यात पूर्ण बाह्या. घरी आल्यावर आईने त्या वर केल्या आणि आम्हाला वळ दिसले. तेव्हा 'संस्थांना मदत करा' असं मी म्हणतो, ते डोळे मिटून म्हणत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था आपल्या कक्षेत घेतल्या आहेत, अशा आस्थापनांना नोंदणी सक्तीची केली आहे आणि रुग्णाला साखळीने बांधायला कुठल्याही स्वरूपात मनाई केली आहे. म्हणजे नियम आहेत. तपासायला कोणी जात नाही. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? भेसळीचं दूध सापडलं म्हणून आपण दूधसंघांवर बंदी घालत नाही, फॅट तपासायचं यंत्र बसवतो. चांगल्या संस्थांना बळ नसतं म्हणूनच उचलून नेणारी केंद्रं फोफावतात. घाबरलेल्या घराला रात्री अकरा वाजता फोन उचलणारं कोणीतरी हवं असतं, आणि आज तो फोन उचलतो तो धंदेवाला. केंद्र सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे. तो नंबर आमच्या गावात एका भिंतीवर लिहिलेला दाखवा.

दुसरा मुद्दा: उपयोग काय, परत पितातच की. हो, पितात. माझा भाऊ प्यायला. पण परत पिणं म्हणजे उपचार वाया गेले, हे गणित आपण फक्त व्यसनाला लावतो. वडिलांची साखर दिवाळीत तीनशेवर जाते, तेव्हा कोणी म्हणत नाही की मधुमेहाचे पैसे पाण्यात गेले. व्यसनाच्या पुनरावृत्तीचं प्रमाण अमेरिकेची राष्ट्रीय संशोधन संस्था ४० ते ६० टक्के सांगते आणि ते रक्तदाब, दमा यांसारख्या लांबणाऱ्या आजारांच्या तोडीचंच असल्याचंही नोंदवते. मग प्रश्न उरतो तो घसरलेला माणूस किती लवकर परत उभा राहतो याचा, आणि तिथे गट कामाला येतो. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरलं आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू झालं. फी नाही, डॉक्टर नाही, नाव सांगायची सक्ती नाही. शास्त्रीय मंडळी बरीच वर्षं याकडे संशयाने बघत होती. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसं, असा आढावा घेतला. सलग न पिता राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर मान्य उपचारांइतका आणि पुष्कळदा त्यांच्याहून सरस ठरला. तो आढावा दारूपुरता होता. इतर अमली पदार्थांसाठी त्याच धर्तीवर नार्कोटिक्स अनॉनिमस १९५३ पासून चालतं.

असा गट कसा चालतो हे ज्यांनी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. सांगलीत एका शाळेच्या वर्गात मी भावासोबत खुल्या मीटिंगला गेलो होतो. तिसरीचा वर्ग असावा. भिंतीवर पाढ्यांचे तक्ते, आणि त्या बुटक्या बाकांवर गुडघे वर करून बसलेली पंधरावीस मोठी माणसं. एक रिक्षावाले, एक बँकेतून निवृत्त झालेले, कुपवाडला तिसऱ्या पाळीत काम करणारा पंचविशीचा पोरगा. प्रत्येक जण उठून फक्त स्वतःबद्दल बोलत होता. सल्ला कोणी कोणाला देत नव्हतं. एका गृहस्थांना एक वर्ष झालं होतं, त्याचं पदक त्यांना त्यांच्या मुलीच्या हातून दिलं. ती नववी-दहावीतली. तिने पदक दिलं आणि बाबांकडे न बघता सगळ्यांकडे बघून म्हणाली, "आता संध्याकाळी दार वाजलं की मी अभ्यासाची वही लपवत नाही." वही का लपवायची, हे तिथे कोणाला विचारावं लागलं नाही. भाऊ येताना एस.टी.त तासभर गप्प होता. तासगाव आल्यावर म्हणाला, "दादा, ते सगळे माझंच बोलत होते."

आपल्या मातीत हे नवीन आहे का? गावात एखाद्याने दारू सोडली की आपण काय म्हणतो? "त्यानं माळ घातली." कृष्णाकाठची कितीतरी घरं तुळशीच्या माळेने वाचली आहेत आणि मी स्वतः वारकरी नसलो तरी ते मनापासून मानतो. त्यामागे नुसती माळेची ताकद नव्हती. माळेबरोबर एकादशी आली, रोजचा हरिपाठ आला, भजनी मंडळ आलं, आषाढीची दिंडी आली. संध्याकाळचे ते दोन तास भरले गेले, आणि आपल्याकडे बघणारी, आपण न दिसल्यास विचारपूस करणारी माणसं मिळाली. पण ज्याची माळ तुटते त्याचं काय होतं, हेही मी पाहिलं आहे. तो लाजेने देवळाच्या रस्त्याने जायचं सोडतो, आणि जिथे आधार होता तेच दार त्याला परकं होतं. ज्याची श्रद्धाच नाही किंवा धर्म वेगळा आहे, त्याला तर तो रस्ता सुरुवातीपासूनच नाही. गटात घसरलेल्याला दुसऱ्या दिवशी पहिली खुर्ची मिळते. आमच्याकडे त्या सौद्याच्या रात्रीनंतर तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ स्कूटरवरून आले, अंगणात बसले, चहा प्यायले आणि भावाला म्हणाले, "माझं चार वेळा झालं होतं. गुरुवारी येतोस का?" बस, एवढंच. पुढे दोन वर्षांनी ते स्वतःच पुन्हा प्यायले, आणि तेव्हा त्यांच्या अंगणात जाऊन बसला तो माझा भाऊ. ते परत आले. गटातला दुसरा एक जण मात्र परत आला नाही, आम्ही त्याला कृष्णाघाटावर पोचवला. सगळे वाचतात असं मी कुठेही म्हणणार नाही.

तिसरा मुद्दा मला जास्त विचारात टाकतो: हे सरकारचं काम आहे, संस्थांना पुढे केलं की सरकार हात झटकून मोकळं होईल. जबाबदारी सरकारचीच आहे, शंका नको. राज्यघटनेचं ४७ वं कलम मादक पेयांवर बंदी आणण्याची दिशा राज्याला दाखवतं आणि तेच राज्य उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त कमावतं. त्यातला वाटा उपचाराला मिळाला पाहिजे, हे मागावंच लागेल. पण सरकार येईपर्यंत थांबायचं, हा साताऱ्या-सांगलीचा स्वभाव कधीपासून झाला? १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हाही शिकवणं सरकारचंच काम होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले. गावोगावच्या बायांनी मुष्टिफंडात मूठमूठ धान्य घातलं. लोक उभे राहिले म्हणून सरकारी अनुदानाला जायला जागा तयार झाली. व्यसनाच्या बाबतीत तर सरकारी कर्मचाऱ्याला काही गोष्टी जमणारच नाहीत. रात्री अंगणात येऊन "माझं चार वेळा झालं होतं" हे वाक्य पगारी माणूस कुठून आणणार?

आणि गरज केवढी आहे? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेला देशव्यापी अभ्यास २०१९ साली आला. दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसली तरी मदत मिळाली होती. दाखल होऊन उपचार मिळालेले १८० मध्ये एक. शंभर खाटा काय, हजार खाटा बांधल्या तरी उरलेले १७९ कुठे जाणार?

राहता राहिले धिंडवाले. त्यांना एक कायदा दाखवायचा आहे, आणि तो नशेबाजांची बाजू घेणाऱ्या कुणा मवाळाचा नाही. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा हा देशातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी एक. त्याच कायद्याचं ६४-अ कलम सांगतं की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी जर आपणहून मान्य संस्थेत उपचार घ्यायला आला, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडला तर ही सवलत जाते, तेही त्यात आहे. कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की विकणारा आणि अडकलेला यांत फरक करावा लागतो. कारखाने काढणाऱ्यांना सोडू नका, व्यायामशाळेच्या आडून इंजेक्शनं विकणाऱ्यांना सोडू नका, मी तुमच्या बरोबर पोलीस ठाण्यात येतो. पण फलकावर नाव लागलेला पोरगा उद्या मदत मागायला कोणाच्या दारात जाईल? विकणाऱ्याच्याच जाईल, कारण गावात त्याच्याशी बोलणारा तोच एक उरलेला असेल.

मग मदत म्हणजे नक्की काय करायचं? इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे गट बाहेरचा पैसा घेतच नाहीत, तो त्यांचा जुना नियम आहे. देणगीचा चेक घेऊन गेलात तर हात जोडून परत करतील. त्यांना हवी असते जागा, तीही भाडं देऊन. त्यांना हवं असतं की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी पेशंटला गटाचा पत्ता सांगावा, आणि साखर कारखान्याने, सूतगिरणीने परत आलेल्या माणसाला कामावर घ्यावं. समुपदेशक ठेवणाऱ्या, पाठपुरावा केंद्र चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना मात्र पैसा लागतो आणि तो जिल्हा नियोजनातून, वेळेवर, तपासणीच्या अटीवर मिळाला पाहिजे. तपासणीत एकच प्रश्न आधी विचारा: पस्तीस दिवसांनंतर या माणसाला किती वेळा भेटलात?

भावाला आता साडेतीन वर्षं झाली. तो हा आकडा कधी सांगत नाही, मीच मोजतो. तो म्हणतो, आजचा दिवस. दर गुरुवारी सांगलीला जायचं म्हणजे शेवटची एस.टी. सुटायची धास्ती असते, आणि आमच्या पंचक्रोशीतले आणखी पाच-सहा जण याच कारणाने जाऊ शकत नाहीत. त्या बारावीतल्या पोराला त्याच्या आईने दोनदा भावाकडे पाठवलं. एकदा तो आला, एकदा फाटकातून परत गेला. म्हणून आम्ही २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी अर्ज दिला आहे. वाचनालयामागची खोली सात वर्षं बंद आहे, तिथे जुनी मतपेटी आणि मोडक्या खुर्च्या आहेत. गुरुवारी संध्याकाळी सात ते साडेआठ एवढ्या वेळापुरती ती हवी आहे. झाडलोट गट करेल, भाडं गट देईल. फक्त कुलपाची किल्ली हवी.